पोफळीवरच्या मिरीचे घोस उतरवायची वेळ कशी ओळखायची?

पोफळबन_फोंडा

नमस्कार. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली आहेत. बहुतेक पन्नियूर-१ जातीच्या, पाटाच्या बाजूला थोड्या करिमुंडा जातीच्या. जानेवारीचा दुसरा आठवडा चालू आहे. शेंड्याकडच्या घोसांत कुठे एक, कुठे चार-पाच मणी लाल दिसतात. छातीच्या उंचीवरचे घोस मात्र अजून हिरवेगार. शिवाय काही घोसांत एखादाच मणी पिवळा पडलाय आणि बाकीचे बारीकच आहेत. ते पिकतायत की दुसरंच काही, कळत नाही.

शेजारचे एक जण सांगतात, पहिला मणी लाल झाला की सगळी वेल उतरवून मोकळा हो. दुसरे म्हणतात, शिगम्यापर्यंत (होळीपर्यंत) थांब, वजन चांगलं भरतं.

रंग सोडून घोस तयार झाल्याची आणखी खूण कोणती? सगळं एकदम उतरवलं तर नुकसान किती? थोडी पांढरी मिरी करायचीय, तिच्यासाठी कोणते घोस मागे ठेवू? आणि पाडेली (झाडावर चढून पीक उतरवणारा गडी) एकदा येऊन गेला की पुढचे पंधरा-वीस दिवस फिरकत नाही, हे धरून सांगा.

---

वाळपईकर

वेल तयार झाली का, हे बघू नका. घोस बघा. एकाच वेलीवर महिन्याभराच्या अंतराने धरलेले घोस असतात, म्हणून तुमचे दोन्ही शेजारी अर्धे बरोबर आणि अर्धे चूक.

हे अंतर कसं पडतं ते आधी सांगतो, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते आपोआप कळेल. मिरीचा तुरा नव्या पालवीबरोबर येतो, पानाच्या समोरच्या बाजूने. मेअखेर वळवाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की काही फांद्या तेव्हाच फुटतात. मग जूनमध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली तर बाकीच्या फांद्या खोळंबतात आणि जुलैत फुटतात. फूल धरल्यापासून मणी पक्व व्हायला सहा ते आठ महिने लागतात. म्हणजे जूनचा तुरा डिसेंबरअखेर ते जानेवारीत येतो आणि जुलैअखेरचा फेब्रुवारीत किंवा त्याहून उशिरा. त्यात उजेडाचा फरक. शेंड्याला ऊन लागतं, तिथले घोस आधी पिकतात. पोफळीच्या आणि केळीच्या सावलीत अडकलेले खालचे मागे राहतात. पन्नियूर-१ ला मुळात उजेड जास्त लागतो, दाट सावलीत तिच्यात हा फरक मोठा दिसतो. करिमुंडा सावली सोसते, पण तीसुद्धा सावलीत उशिरा येते.

काळ्या मिरीसाठी खूण अशी: घोसातले एक-दोन मणी नारिंगी किंवा लाल झाले की तो घोस काढायचा, बाकीचे हिरवे असले तरी. घोसात फुलं देठाकडून टोकाकडे उमलत जातात, पण तो फरक थोड्या दिवसांचा असतो. त्यामुळे एक-दोन मणी रंगले म्हणजे उरलेलेही आतून भरलेले असतात. पाच-सहा लाल झालेले घोस आता थांबवू नका, बुलबुल आधी त्यांच्यावरच येतात आणि पिकलेले मणी वाऱ्यानेही गळतात.

रंगाशिवायची खूण म्हणजे नख आणि चाकू. घोसाच्या मधला हिरवा मणी घ्या, रंगलेला नको. नख सहज रुतलं आणि आत मऊ, पाणचट, दुधाळ लागलं तर तो कोवळा. नख नुसतं सालीवर घसरलं, चाकूने आडवा कापताना दाणा कडक लागला आणि आत पांढरा, पिठूळ, घट्ट गाभा दिसला तर भरलेला. तयार मणी वरून गर्द हिरवा राहत नाही, किंचित पिवळसर आणि निस्तेज होतो. सवय झाली की हा फरक जमिनीवरूनही ओळखता येतो, फक्त बघायचं सकाळच्या उन्हात. दुपारी पोफळीच्या झावळ्यांच्या सावलीत सगळंच हिरवं दिसतं.

पाडेली बोलवायच्या आधी चार-पाच वेली निवडा. प्रत्येकीवरून वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यातला एकेक घोस काढा आणि प्रत्येक घोसातले पाच मणी कापा. पाचातले चार घट्ट निघाले तर तो पट्टा तयार. दोनच निघाले तर पंधरा दिवस त्याला हात लावू नका.

तो एकटा पिवळा मणी दाबून बघा. पोकळ निघाला, आत काळा भुगा किंवा बारीक भोक असलं तर ती पिकल्याची खूण नाही, किडीची आहे. अशा मण्याच्या भरवशावर घोस काढलात तर बाकीचे सगळे कोवळे हातात येतील.

---

खोतीगावकर

वाळपईकरबाब, सगळं पटतं. पण तीन-तीनदा वेलीवर चढवायला माणूस आणायचा कुठून? काणकोणात सुपारीला गडी मिळेना, तर मिरीला कोण येतो? माझं मत सरळ आहे: ज्याला दोनच फेऱ्या परवडतात त्याने दोनच कराव्यात, पण दिवस नीट निवडावेत.

पहिली फेरी आत्ता. शेंडा आणि मधला पट्टा, जिथे घोसात एक तरी मणी नारिंगी आहे तेवढंच. दुसरी फेरी वीस-पंचवीस दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. तेव्हा राहिलेलं सगळं उतरवायचं, हिरवं असलं तरी. त्यानंतर थोडे कोवळे घोस राहिलेच तर जमिनीवर उभं राहून हात पोचतो तेवढे घरच्या माणसांनी काढावेत. पोफळीवरच्या वेलीचा खालचा भाग तसाही आपल्या हाताखालचाच असतो.

एकच फेरी करणार असाल तर ती आत्ता करू नका आणि शिगम्यापर्यंतही ताणू नका. निम्म्याहून जास्त घोसांत रंग आलेला दिसला की करा. वरचे थोडे गळतील, पण खालचे भरलेले मिळतील. मग मात्र खळ्यावर निवड चुकवायची नाही. घोस उतरल्यावर तीन ढीग घाला: लालबुंद, भरलेले हिरवे आणि कोवळे. तिघांना वाळायला लागणारा वेळ वेगळा, वाळल्यावरचा रंग वेगळा आणि भावही वेगळा. एकत्र वाळवलेल्या मालात व्यापारी मूठ भरून बघतो आणि सगळ्याला कोवळ्याचा दर लावतो.

---

म्हार्दोळचा_तराजू

नुकसान किती, हा प्रश्न मागेच राहिला, म्हणून आकडे देतो.

देठं काढलेले १० किलो ओले मणी, चांगले भरलेले, वाळून ३.३ ते ३.६ किलो होतात. ओल्या मण्यात साधारण ७० टक्के पाणी असतं. कोवळ्या मण्यात पाणी जास्त आणि पीठ कमी, म्हणून उतारा घटतो आणि दाणा सुकल्यावर आत दबतो. सुरकुत्या सगळ्याच काळ्या मिरीला असतात, पण कोवळ्याची सुरकुती खोल आणि दाणा हलका. बोटांत धरून दाबला तर चुरतो.

हलका माल घरच्या घरी मोजायचा तर एक लिटरचं माप घ्या. वाळलेली मिरी न हलवता, न ठोकता भरा, वर पट्टी फिरवून सपाट करा आणि वजन करा. ५५० ग्रॅमच्या आसपास भरलं तर माल उत्तम. ५०० च्या खाली गेलं तर त्यात कोवळं किंवा पोकळ बरंच मिसळलंय. हे माप करूनच माल विकायला न्या, भाव करताना बोलायला हातात काहीतरी असतं. मोठा दाणा असेल तर चाळणीही मारा. तेलिचेरी नावाने जाणारा सर्वांत मोठा दर्जा ४.७५ मि.मी. चाळणीवर राहणारा, त्याच्या खालचा ४.२५ मि.मी. वर राहणारा. पन्नियूर-१ चा दाणा मुळात टपोरा असतो. वेळेवर उतरवली तर तिच्यातून वरच्या चाळणीवर राहणारा माल बऱ्यापैकी निघतो. करिमुंडा बारीक. दोन्ही एकत्र करू नका, मिसळलेला माल चाळणीतही फसतो आणि नजरेतही.

आता उशिराचं नुकसान. लाल झालेल्या मण्याची साल मऊ आणि गोड होते. उकळत्या पाण्यात, मळणीत किंवा नुसत्या हाताळण्यातही ती सुटते. वाळल्यावर काळ्या मालात पांढरे-तपकिरी सोललेले दाणे दिसायला लागतात. वजन भरतं, पण माल रंगबिरंगी दिसतो. शिगम्यापर्यंत थांबायला सांगणारे वजनापुरते खोटं बोलत नाहीत. तेवढ्या दिवसांत खाली काय काय पडलं, ते मात्र कोणी मोजत नाही.

एक गोष्ट उलटी आहे. तेल आणि तिखटपणा देणारं पायपरिन यांचं प्रमाण मणी पूर्ण भरायच्या आधीच जास्त असतं. नंतर पीठ वाढत जातं आणि त्या हिशेबात टक्केवारी उतरते. म्हणून अर्क काढणारे कारखाने पक्व व्हायच्या १५-२० दिवस आधीचा माल आणि हलका मालही घेतात. पण आपल्याकडे विक्री वजनावर होते, तेव्हा तुमच्यासाठी भरलेला दाणाच फायद्याचा. कोवळा जो काही निघेल तो फेकू नका, वेगळा वाळवा आणि घरात कुटायला ठेवा. झणझणीत असतो.

---

पोफळबन_फोंडा

पाच-पाच मणी कापून बघितले. शेंडा आणि मधला भाग तयार आहे, खाली पाचातले दोनच घट्ट. पिवळे एकटे मणी पोकळच निघाले. परवा पाडेली येतो. आता उतरवल्यानंतरचं सांगा. उकळत्या पाण्यातून काढणं खरंच लागतं का, आणि वाळवण किती दिवस? सकाळी अंगणात दव भरपूर असतं आणि दोन दिवस ढगही आहेत.

---

सावईची_मावशी

ढग आहेत तर एकदम सगळं उतरवू नकोस. खळ्यावर एका वेळी जेवढं पातळ पसरता येईल तेवढंच उतरव. ओला माल गोणीत तीन दिवस पडला की तापतो आणि बुरशी धरतो, मग रंग कितीही चोळलास तरी येत नाही.

घोस उतरल्यावर एक रात्र गोणपाटात सैल भरून सावलीत ठेव. १२ ते २४ तास, त्याहून जास्त नको. त्याने देठ सैल होतो आणि मणी सहज सुटतात. सुटायला लागले की स्वच्छ ताडपत्रीवर पायाने हलके मळ. माल थोडा असेल तर घोस दोन हातांत चोळ. जोरात तुडवलास तर साल सोलते. मळणी यंत्र भाड्याने मिळालं तर तेही चालतं, पण त्यात घोस ओले आणि ताजेच घालायचे. मग सूप लावून देठं, पानं आणि मोहरीएवढे बारीक दाणे वेगळे कर.

उकळतं पाणी लागतंच असं नाही, पण तुझ्याकडे ढग आहेत म्हणून तू कर. फायदे तीन. साल किंचित फाटते, त्यामुळे पाणी लवकर निघतं आणि वाळवण एक-दोन दिवसांनी कमी होतं. वरची धूळ आणि जंतू जातात. आणि सगळ्या मालाला एकसारखा चकचकीत काळा रंग येतो. हा काळा रंग सालीतल्याच रसाने येतो, पेशी फुटल्या की हवेशी मिळून तो काळा पडतो. म्हणूनच जास्त वेळ उकळलास तर तो रस काळा करणारा घटकच मरतो आणि माल तपकिरी राहतो. वेळ एक मिनिट. घड्याळ लावून एक मिनिट, अंदाजाने नको.

मोठ्या हंड्यात पाणी खळखळून उकळव. बांबूच्या करंडीत किंवा भोकं असलेल्या भांड्यात थोडेच मणी घे, दहा लिटर पाण्याला दोन-अडीच किलोपर्यंत. जास्त घातलेस की पाण्याची उकळी बसते आणि एक मिनिटाचा हिशेब राहत नाही. करंडी बुडव, एकदा हलव, मिनिट झालं की वर काढ, पाणी निथळू दे आणि लगेच पसर. आठ-दहा करंड्या झाल्या की पाणी काळपट होतं, बदल. लाल मणी ह्यात घालू नकोस, त्यांची साल पाण्यातच सुटेल. ते पांढऱ्या मिरीला ठेव.

वाळवायला शेणाने सारवलेलं खळं वापरू नकोस. सुपारीला पूर्वापार चालतं, पण मिरी सालीसकट जेवणात जाते. सिमेंटचं खळं धुऊन घे किंवा जाड ताडपत्री घाल. बांबूच्या तट्ट्यावर मेथीची खळ लावून वाळवायची पद्धतही आहे. तट्ट्याच्या फटी बुजतात आणि मिरी स्वच्छ राहते. थर बोटभर जाडीचा, त्याहून जास्त नको. दिवसातून चार-पाच वेळा लाकडी दंताळ्याने उलटव.

दव हा आपल्याकडचा मोठा शत्रू. पाचच्या आधी माल गोळा कर, आत ने किंवा ढीग करून वर कोरडी ताडपत्री घाल. सकाळी खळं सुकल्याशिवाय पुन्हा पसरू नकोस. रात्रभर उघडा राहिलेला माल दिवसभरात जेवढा सुकतो तेवढाच पहाटे ओलावतो. उकळलेला माल चांगल्या उन्हात तीन-चार दिवसांत होतो, न उकळलेला पाच-सहा दिवस घेतो. वाळवण यंत्र वापरलंस तर हवा ६० अंशांच्या वर नेऊ नकोस, तेल उडून जातं आणि वास राहत नाही.

वाळलं कसं ओळखायचं? दाताखाली कट्ट आवाज करून दोन तुकडे झाले पाहिजेत. चपटा झाला किंवा दाताला चिकटला तर अजून पाणी आहे. मुठीतून सोडल्यावर खडखडीत आवाज यायला हवा. खात्रीच करायची तर सुरुवातीला एक किलो ओले मणी वेगळ्या ताटात मोजून ठेव आणि त्याच उन्हात वाळव. ३३० ते ३६० ग्रॅमवर आलं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हानंतरही वजन तेवढंच राहिलं की झालं.

---

म्हार्दोळचा_तराजू

मावशींच्या सांगण्यात एक भर. साठवणीला पाणी ११ टक्क्यांच्या आत हवं, १२ च्या वर गेलं की पावसाळ्यात बुरशी नक्की. आणि उन्हातून उचललेली गरम मिरी तशीच पिशवीत भरू नका, पिशवीच्या आत घाम येतो. सावलीत रात्रभर थंड होऊ द्या, मग आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या गोणीत भरून तोंड घट्ट बांधा. गोणी फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

चमक यावी म्हणून खनिज तेल चोळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती अन्नातली भेसळ धरली जाते. एक मिनिट उकळलेल्या मालाला मुळात चमक असते.

---

खोतीगावकर

पांढऱ्या मिरीचं मी सांगतो.

तिला पूर्ण लाल मणीच लागतात. नारिंगीही चालतात, पण हिरव्या मण्याची साल सुटत नाही, नुसती सडते आणि दाणा काळपट निघतो. म्हणून परवाच्या फेरीत शेंड्याकडे ज्या घोसांत निम्म्याहून जास्त मणी लाल आहेत ते वेगळ्या झोळीत घ्यायला पाडेलीला सांगा. पांढऱ्या मिरीसाठी मुद्दाम घोस वेलीवर ठेवायचेच असतील तर खालच्या, हात पोचणाऱ्या पट्ट्यातले ठेवा. शेंड्यावर ठेवाल तर पाखरांना वाढलेलं ताट.

लाल मणी सैल गोणीत भरा आणि गोणी वाहत्या पाण्यात सात ते दहा दिवस बुडवून ठेवा. पाटात ठेवणार असाल तर पाण्याला ओढ आहे ना आणि वरच्या बाजूला कोणी कपडे धूत नाही ना, एवढं बघा. साबण लागलेली मिरी विकायचीही नाही आणि खायचीही नाही. वाहतं पाणी नसेल तर टाकीत ठेवून रोज पाणी बदला. एक दिवस जरी चुकलात तर वास लागतो, आणि तो वाळल्यावरही जात नाही. साल बोटाने सरकायला लागली की गोणी काढा, मणी हाताने किंवा पायाने चोळा, साल धुऊन टाका, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुवा. मग दोन-तीन दिवस कडक ऊन. हे दाणे उकळायचे नाहीत.

परवडतं का, हे आधी ठरवा. १० किलो ओल्या मण्यांतून काळी साडेतीन किलोच्या आसपास, पांढरी जेमतेम अडीच. म्हणजे पांढरीला काळीच्या निदान दीडपट भाव मिळत नसेल तर मेहनत फुकट. घरापुरती किंवा आधीच सांगून ठेवलेल्या गिऱ्हाइकापुरती करा.

---

वाळपईकर

पोकळ मण्यांचं राहिलं. तो पोल्लू नावाच्या भुंगेऱ्याचा उद्योग आहे. काळा-पिवळा, छोटा, चाहूल लागली की उडी मारणारा. अळी मण्याच्या आत शिरते, गर खाते आणि दुसऱ्या मण्यात जाते. मणी आधी पिवळा, मग काळा पडतो आणि बोटात चुरतो. आता काढणीच्या तोंडावर फवारण्यात काही अर्थ नाही, उलट औषधाचा अंश मालावर राहील. आता एवढंच करा: सुपाने पाखडताना हलके पोकळ दाणे बाजूला काढा आणि खाली गळलेलेही गोळा करून जाळा.

हा भुंगेरा दाट सावलीत वाढतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर भोवतालच्या झाडांच्या फांद्या छाटून उजेड आत घ्या. मग ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या तीन महिन्यांत २१ दिवसांच्या अंतराने निंबोळीयुक्त औषध ०.६ टक्के, पानांच्या खालच्या बाजूने आणि घोसांवर. उजेड वाढला की घोसही एका वेळी तयार व्हायला मदत होते, पुढच्या वर्षीच्या फेऱ्या कमी होतील.

एखादी वेल पिवळी पडून पानं गाळत असेल तर तिच्यावरचे घोस मरगळलेले असतात. ते वेगळे उतरवा, चांगल्या मालात मिसळू नका. आणि त्या वेलीवरून रोपांसाठी फाटा घेऊ नका.

---

सावईची_मावशी

लोणच्याचं कोणी विचारलं नाही, पण लिहून ठेवते, कारण त्याची वेळ आता निघून गेलीय. हिरव्या मिरीचं लोणचं घालायचं तर फूल धरल्यापासून चार-पाच महिन्यांचे घोस लागतात, म्हणजे साधारण नोव्हेंबर. तेव्हा दाण्याच्या आतलं बी कडक झालेलं नसतं आणि मिरी सालीसकट चावता येते. आताच्या घोसांचं घातलंस तर दाताला खडे लागतील. तुझ्या खालच्या पट्ट्यातले पाचातले जे तीन मऊ निघाले, त्यातले अगदी मऊ असतील तर थोडे करून बघ. घोस अख्खे धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरडे कर. एक लिटर पाण्याला २०० ग्रॅम मीठ घालून उकळव, थंड कर, त्यात दोन ग्रॅम लिंबूसत्त्व टाक आणि घोस बुडतील एवढं बरणीत ओत. वर तरंगू देऊ नकोस, तरंगलेला घोस काळा पडतो. वरून स्वच्छ बशी दाबून ठेव.

---

पोफळबन_फोंडा

मावशी, बाब, सगळ्यांचे आभार. शेवटचा एक प्रश्न: पाडेली वेलीला धरूनच वर चढतो आणि घोस हिसकावून काढतो. चालेल ना?

---

वाळपईकर

नाही. वेल पोफळीला धरते ती पेरांवरच्या बारीक मुळ्यांनी. एकदा ओढून सुटली की त्या जागी पुन्हा चिकटत नाही, पावसात लोंबते आणि तिथून मोडते. घोस ज्या आडव्या फांद्यांना येतात त्याच हिसक्याने तुटतात, म्हणजे पुढच्या वर्षीचे तुरेही गेले. कळकाची एकदांडी शिडी पोफळीला टेकवा, वरचं टोक काथ्याने खोडाला बांधा आणि खाली एक जण धरून उभा ठेवा. कमरेला झोळी, हात मोकळे. घोस देठाशी अंगठा आणि बोटाच्या नखांत धरून खुडायचा. ज्या वेली सुटलेल्या दिसतील त्या उतरतानाच सुंभाने किंवा केळीच्या सोपाने सैल बांधून घ्या. प्लास्टिकची दोरी नको, ती खोडात रुतते.